आधी स्पीडब्रेकर मोजा, मग माझी गाडी

मंडळी, पोस्ट मोठी आहे. वेळ असेल तेव्हा वाचा. शिव्या घालायच्या असतील तरी हरकत नाही, फक्त शेवटपर्यंत वाचून घाला.

गेल्या आठवड्यात आपल्या खांदा कॉलनीतल्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो फिरत होता. पांढरी स्विफ्ट, लोअर केलेली, काळ्या काचा, स्पीडब्रेकरवर पोट टेकवून बसलेली. पुढची चाकं ब्रेकरच्या पलीकडे, मागची अलीकडे, आणि बाजूला डोक्याला हात लावून उभा असलेला विशी-बाविशीतला पोरगा. खाली प्रतिक्रियांचा पाऊस. "गाडी जप्त करा." "बापाच्या पैशावर माज." "बरं झालं, अद्दल घडली." एका काकांनी तर "ब्रेकर अजून उंच करा" अशी मागणीच केली आणि त्यावर पंधरा-वीस अंगठे पडले.

शंभरेक लोक बोलले. त्यातल्या एकानेही विचारलं नाही की तो ब्रेकर किती उंच आहे.

माझं म्हणणं आधीच सांगतो, म्हणजे नंतर "तू कुणाच्या बाजूने?" हा प्रश्न नको. पोरगं चुकलंय, पण ब्रेकर त्याहून जास्त चुकलाय. आणि आपण सगळे फक्त पोराच्या मागे लागलोय, कारण त्याच्या गाडीला नंबरप्लेट आहे. ब्रेकरला नाही.

आता माझी स्वतःची कबुली. मीही गाडी खाली बसवली होती. सेकंडहँड स्विफ्ट घेतली, पहिल्याच महिन्यात टायर आणि मडगार्डमधली ती चार बोटांची फट डोळ्यांत खुपायला लागली. ज्यांना गाड्यांचं वेड नाही त्यांना हे कळणार नाही, पण ज्यांना आहे त्यांना विचारा. ती फट दिसली की गाडी पायजमा आखूड झालेल्या माणसासारखी दिसते. इन्स्टावर पाम बीच रोडच्या गाड्यांचे रील बघायचे आणि खाली येऊन आपल्या गाडीकडे बघायचं. शेवटी एका गॅरेजवाल्याकडे गेलो. चांगल्या लोअरिंग स्प्रिंगचा सेट परवडत नव्हता. तो म्हणाला, "दादा, आहे त्याच कापून देतो, दीड वेटोळं काढलं की दोन बोटं फट राहील." संध्याकाळपर्यंत गाडी तयार. साडेचार सेंटीमीटर खाली. आईशप्पथ सांगतो, दिसायला देखणी झाली होती.

मग गणपती आले.

आमचा गणपती दरवर्षी पेणहून येतो. शाडूचा, सव्वा फुटाचा. त्या वर्षी पहिल्यांदाच स्वतःच्या गाडीतून आणणार म्हणून बाबा खूश. पळस्पे फाट्याला गोवा हायवेला लागलो आणि पहिल्या खड्ड्यालाच मागून आईचा आवाज आला, "अरे हळू!" मी तीसनेच चाललो होतो. येताना बाबा मागच्या सीटवर मूर्ती मांडीवर घेऊन बसलेले, एक हात मूर्तीच्या पाठीशी, एक हात छताच्या हँडलला. चार माणसं, मूर्ती, सामान. प्रत्येक सांध्यावर, प्रत्येक खड्ड्यावर गाडी आतून ठणकत होती. बाबा काही बोलले नाहीत. ते बोलत नाहीत तेव्हा जास्त लागतं.

कॉलनीत शिरलो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी जो ब्रेकर आहे तिथे मी गाडी तिरकी घेतली, तरी खालून खर्रर्र करून आवाज आला आणि गाडी अडली. बाबा म्हणाले, "थांब." दार उघडलं, मूर्ती छातीशी धरून खाली उतरले आणि उरलेला रस्ता चालत घरी गेले. मागून आई, ताम्हन घेऊन. आणि मी रिकामी गाडी इंच इंच करून ब्रेकरवरून काढतोय, मागे रिक्षावाले हॉर्न मारतायत. आमच्या घरी त्या वर्षी गणपती गाडीतून आले ते ब्रेकरपर्यंतच. पुढे बाबांच्या हातातून आले.

विसर्जनानंतरच्या रविवारी दोन गोष्टी केल्या. एक, स्प्रिंग मूळ बसवून घेतल्या. दोन, मेजरिंग टेप, दोरी आणि लाकडी फळी घेऊन तो ब्रेकर मोजला. ही पोस्ट त्या दुसऱ्या गोष्टीबद्दल जास्त आहे. पण पहिलीबद्दल आधी बोलतो, कारण माझ्या वयाची आणि माझ्याहून लहान पोरं हे वाचतायत.

पोरांनो, स्प्रिंग कापू नका. भाषण देत नाही, हिशोब सांगतो.

गाडीची स्प्रिंग म्हणजे वेटोळी. वेटोळी कमी केली की ती त्याच प्रमाणात ताठ होते. सहा वेटोळी काम करत असतील आणि दीड कापली तर उरतात साडेचार. सहा भागिले साडेचार, म्हणजे स्प्रिंग एक तृतीयांशाने जास्त कडक झाली. तुम्ही म्हणाल, मग चांगलंच, गाडी घट्ट झाली. आता दुसरी बाजू बघा. समजा चाकाला खड्ड्यातून वर यायला आठ सेंटीमीटर जागा होती. त्यातली साडेचार आपण गाडी खाली बसवण्यातच उडवली. उरली साडेतीन. ताठरपणा वाढला एक तृतीयांश, जागा राहिली निम्म्याहून कमी. हिशोब जमतच नाही. म्हणून जरा मोठा खड्डा आला की शॉकअप आतल्या रबरावर जाऊन आदळतो. तो ठणका म्हणजे स्प्रिंगचा आवाज नव्हे, स्प्रिंग संपल्याचा आवाज आहे. तिथून पुढे धक्का सरळ बॉडीत, सीटमध्ये आणि आईच्या कमरेत.

हेच वळणावर झालं तर काय? बाहेरच्या बाजूचं चाक रबरावर टेकतं, त्या कोपऱ्यात गाडी एकदम दगडासारखी होते आणि टायरची पकड अचानक सुटते. रस्त्याला चिकटून चालावी म्हणून खाली केलेली गाडी नेमकी वळणात रस्ता सोडते.

आणखी एक गोष्ट गॅरेजवाले सांगत नाहीत. स्प्रिंगचं टोक तिच्या खोबणीत नीट बसावं असं बनवलेलं असतं. कापलेलं टोक तिथे वाकडं बसतं. गॅस कटरने कापली असेल तर तापल्यामुळे त्या जागी पोलादाचा कस जातो. आणि स्प्रिंग लांबीला कमी झाल्यामुळे चाक खड्ड्यात लोंबलं की ती सैल होते, खोबणीतून सरकू शकते. चालत्या गाडीत स्प्रिंग सरकणं म्हणजे काय, याची कल्पना करा.

पुढच्या चाकांचे आर्म साधारण आडवे असावेत अशी रचना असते. गाडी जास्त खाली आली की ते आतून खाली, बाहेरून वर असे तिरपे होतात. चाकं वरच्या बाजूने आत झुकतात, त्यांची दिशाही बिघडते. माझे टायर बाहेरून नवेकोरे दिसत होते. आतल्या कडेने तारा दिसायला लागल्या होत्या. हे मला कळलं गाडी जॅकवर चढवली तेव्हा. एक्स्प्रेसवेवर कळलं असतं तर ही पोस्ट लिहायला मी नसतो.

आणि पाऊस. आपल्या पनवेलचा पाऊस काही पुण्याचा पाऊस नव्हे. इंजिन हवा घेतं ती पुढच्या बाजूने, बॉनेटच्या आतून. गाडी साडेचार सेंटीमीटर खाली म्हणजे पाणी त्या तोंडापर्यंत साडेचार सेंटीमीटर लवकर पोचणार. सिलिंडरमध्ये पाणी गेलं की पिस्टन ते दाबू शकत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन उघडावं लागतं. दोन बोटं फट कमी करायला दिलेले पैसे त्या बिलापुढे चहापाण्याचे वाटतात.

आपल्याकडे पोळ्याला बैलाची शिंगं रंगवतात, झूल घालतात, गळ्यात घुंगुरमाळा बांधतात. हौस आहे, असावीच. पण बैल देखणा दिसावा म्हणून कुणी त्याचे पाय कापत नाही. स्प्रिंग हे गाडीचे पाय आहेत.

मग खाली करायचीच नाही का? ज्या देशांत परवानगी आहे तिथले समजूतदार लोक काय करतात ते सांगतो. ते पंधरा-वीस, फार तर पंचवीस मिलिमीटर खाली जातात. त्या गाडीसाठी बनवलेल्या स्प्रिंग घेतात, त्यांना जुळणारे शॉकअप टाकतात, लगेच अलाइनमेंट करून घेतात, हेडलाइटचा झोत पुन्हा लावून घेतात. आणि माप घेतात ते गाडी रिकामी असताना नाही, पाच माणसं आणि डिकी भरलेली असताना. कारण दिसणं ही पार्किंगमधली गोष्ट आहे आणि वापर ही गणपतीच्या दिवसातली. दोन्हींचा तोल साधायचा असेल तर माप वापराच्या दिवशीचं धरायचं. हे मला दीड वेटोळं कापल्यावर कळलं, तुम्ही न कापता समजून घ्या.

पोरांची बाजू संपली. आता ब्रेकर.

मी मोजला तो ब्रेकर रुंदीला साठ सेंटीमीटर आणि उंचीला सोळा सेंटीमीटर भरला. फळी आडवी धरून, दोनदा मोजला, शेजारच्या काकांना साक्षीला उभं करून.

आता नियम काय आहे? रस्त्यांची मानकं इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था ठरवते. गतिरोधकांसाठी तिचं मानक आहे, आयआरसी ९९. त्यात गोल ब्रेकरचं माप दिलंय: रुंदी ३.७ मीटर, उंची १० सेंटीमीटर, गोलाईची त्रिज्या १७ मीटर. ताशी २५ किलोमीटरने गाडी आरामात जावी, त्याहून जोरात गेली तर चालकाला हादरा बसावा, हा त्याचा हेतू. पुन्हा वाचा. ३.७ मीटर रुंद. बारा फूट! आपल्या कॉलनीत बारा फूट रुंदीचा ब्रेकर तुम्ही कुठे पाहिलाय का? मला दाखवा, मी वडापाव देतो.

काही जण म्हणतील, उंची १० आणि १६, फरक सहाच सेंटीमीटरचा, एवढा काय बाऊ? इथेच खरी गोम आहे. फरक उंचीपेक्षा रुंदीत जास्त आहे.

दोरी घ्या. एक टोक पुढच्या चाकाच्या तळाशी, एक मागच्या चाकाच्या तळाशी. ब्रेकर त्या दोरीच्या वर जेवढा येतो तेवढाच गाडीच्या पोटाला धोका. स्विफ्टच्या दोन चाकांमधलं अंतर २.४५ मीटर. नियमाचा ब्रेकर ३.७ मीटर रुंद, म्हणजे पुढचं आणि मागचं, दोन्ही चाकं एकाच वेळी ब्रेकरच्या पाठीवर असतात. चाकंच वर उचललेली असल्यामुळे दोरीच्या वर ब्रेकर येतो फक्त साडेचार सेंटीमीटर. शाळेतली भूमिती आहे, वर्तुळाची जीवा आणि तिच्या वरचा उंचवटा. कुणीही करून बघा, ४४ मिलिमीटर येतं.

आता आमच्या गल्लीतला. साठ सेंटीमीटर रुंद. पुढची चाकं उतरून गेली, मागची अजून चढली नाहीत, आणि मध्ये तो पूर्ण सोळा सेंटीमीटर उभा. दोरीच्या वर सोळाच्या सोळा.

स्विफ्टचा कंपनीने दिलेला ग्राउंड क्लिअरन्स १६३ मिलिमीटर. १६३ वजा १६० किती? तीन मिलिमीटर. कंपनीतून आलेली, एक नट न फिरवलेली गाडी, आत एकटा चालक, आणि चेंबर आणि डांबर यांच्यात अंतर तीन मिलिमीटर. मागे आई-बाबा आणि बहीण बसली की गाडी तेवढी दबणारच. होंडा सिटीचा १६५, म्हणजे तिची गतही तीच. म्हणजे नियमाच्या ब्रेकरवरून माझी साडेचार सेंटीमीटर खाली केलेली गाडीसुद्धा सुखरूप गेली असती, आणि या ब्रेकरवर शेजारच्या निवृत्त शिक्षकांची न बदललेली गाडीसुद्धा घासते. घासतेच. त्यांना विचारलं तेव्हा म्हणाले, "अरे, मला वाटलं माझंच चालवणं बिघडलं वयामुळे."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. चूक रस्त्याची, आणि सत्तरीचा माणूस स्वतःवर शंका घेतोय.

आणि चारचाकीवाल्यांचं सोडा, आपल्याला निदान काच आणि सीट आहे. स्कूटरवर मागे बसलेल्या गरोदर बाईचं काय? मणक्याचं ऑपरेशन झालेला माणूस रिक्षातून घरी येतो त्याचं काय? रात्री अँब्युलन्स प्रत्येक गल्लीत थांबत थांबत जाते तिचं काय? सायकलवर क्लासला जाणाऱ्या पोराचं काय? सोळा सेंटीमीटरची उभी भिंत बारीक चाकाला गाडीपेक्षा जास्त लागते. त्यात रंग नाही. नियम सांगतो की ब्रेकरवर काळे-पांढरे पट्टे हवेत आणि चाळीस मीटर आधी सूचनाफलक हवा. आमच्याकडे फलक म्हणजे पुढच्या गाडीचे अचानक लागलेले लाल दिवे.

हे ब्रेकर जन्माला कसे येतात तेही आपल्याला माहीत आहे. कुठेतरी एखादं पोर गाडीखाली येता येता वाचतं. लोक जमतात, चिडतात, आणि त्यांचं चिडणं बरोबरच असतं. कुणीतरी फोन लावतं. दुसऱ्या दिवशी कुठल्यातरी कामावरून उरलेलं डांबर येतं, चार माणसं फावड्याने ढीग घालतात, रोलर असला तर फिरतो, नसला तर रिक्षा आणि टेम्पो दाबून घेतात. संध्याकाळी फोटो, "नागरिकांच्या मागणीला यश". मोजपट्टी त्या संपूर्ण प्रकरणात कुणाच्याच हातात नसते.

म्हणजे बघा, लोअर केलेल्या गाडीत आणि या ब्रेकरमध्ये फरक काय? दोन्हीकडे काहीतरी केलंय हे दिसणं महत्त्वाचं. पोराला रील हवा, त्यांना फोटो हवा. वापरणाऱ्याचं काय होईल याचा हिशोब दोघांनीही केलेला नाही. फरक एवढाच की पोराच्या हौसेची किंमत पोरगं आणि त्याचे आई-बाप भरतात. ब्रेकरवाल्यांच्या हौसेची किंमत आपण सगळे, रोज, दिवसातून चार वेळा.

आता कायद्याकडे या. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाने गाडीत करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने यावर निकाल दिला. मंजूर झालेल्या मूळ नमुन्यापासून गाडी दूर नेता येणार नाही, असा त्याचा रोख. गॅरेजवाले म्हणतात, "आरसीवर ग्राउंड क्लिअरन्स कुठे लिहिलाय?" नाही लिहिलेला. पण चौकात पकडल्यावर हा युक्तिवाद करून बघा आणि मला निकाल कळवा.

त्याच वर्षी कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. तिच्यात कलम १८२-अ नव्या रूपात आलं. परवानगी नसलेला बदल केला तर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड, किंवा दोन्ही. कुणाला इजा झाली पाहिजे अशी अट नाही. बदल केला, गुन्हा झाला. ठीक आहे, मान्य.

पण त्याच दुरुस्तीत आणखी एक कलम आलं, १९८-अ. ते आपल्या ग्रुपवर कुणी कधी टाकत नाही. रस्त्याची रचना, बांधणी, देखभाल ज्यांच्याकडे आहे, मग ती यंत्रणा असो, कंत्राटदार असो वा सल्लागार, त्यांनी ठरवून दिलेली मानकं पाळलीच पाहिजेत. नाही पाळली तर दंड एक लाखापर्यंत. वाचून बरं वाटलं ना? आता अट ऐका. त्या चुकीमुळे कुणाचा मृत्यू झाला किंवा कुणी अपंग झालं, तर.

मी माझ्या गाडीचे साडेचार सेंटीमीटर चोरले तर कुणाला खरचटलं नसलं तरी गुन्हेगार. त्यांनी रस्त्यात सोळा सेंटीमीटरची भिंत उभी केली तर कुणीतरी मरेपर्यंत किंवा कायमचं जायबंदी होईपर्यंत दंडाची गोष्टच नाही. कैद तर त्यात नाहीच. हा तोल कुणी साधला?

कुणी म्हणेल, "म्हणजे तुला ब्रेकरच नकोत." अजिबात नाही. सीकेटीच्या बाजूला शाळा-कॉलेज सुटतं तेव्हा जाऊन बघा. खांदेश्वर स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर संध्याकाळी लोकल येते तेव्हा बघा. तिथे वेग कमी झालाच पाहिजे, आणि जे पालक ब्रेकर मागतात त्यांच्या भीतीची मी चेष्टा करणार नाही. पण नियमाचा ब्रेकर वेग कमी करतो, बेकायदा ब्रेकर फक्त गाडी फोडतो. उलट लोक काय करतात ते बघा. अरुंद, उंच ब्रेकर दिसला की दुचाकीवाले कडेच्या गटारालगतच्या फटीतून सुसाट निघतात, तिथेच नेमकी पोरं चालत असतात. गाडीवाले तिरके घेतात, समोरच्याच्या अंगावर जातात. मोठ्या गाडीवाल्यांना तर तो ब्रेकर लागतच नाही. नेक्सॉनचा क्लिअरन्स २०८ मिलिमीटर, क्रेटाचा १९०. ज्याच्याकडे उंच गाडी घ्यायला पैसे आहेत त्याच्यासाठी ब्रेकर नाही, आणि ज्याच्याकडे जुनी हॅचबॅक किंवा स्कूटर आहे त्याच्यासाठी रोजची परीक्षा. ही सुरक्षितता नव्हे.

आणि "सरळ बंदी घाला" म्हणणाऱ्यांसाठी एक जुनी गोष्ट. अमेरिकेत कॅलिफोर्नियात मेक्सिकन वंशाच्या पोरांना गाड्या जमिनीला टेकवायची हौस होती. १९५८ पासून तिथे कायदा आला, गाडीचा कुठलाही भाग चाकाच्या रिमच्या खाली नको. पुढच्याच वर्षी रॉन अगीरे नावाच्या तरुणाने आपल्या कॉर्व्हेटला हायड्रॉलिक पंप बसवले. पोलीस दिसले की गाडी वर, पोलीस गेले की गाडी खाली. त्या बंदीतून हौस मेली नाही, तिची कला झाली. शेवटी पासष्ट-सहासष्ट वर्षांनी, २०२४ च्या १ जानेवारीपासून, तो कायदाच तिथे मागे घेतला गेला. उलट जर्मनीत बघा. तिथे गाडी खाली करता येते, पण तपासलेल्या, प्रमाणपत्र असलेल्या स्प्रिंगच. तज्ज्ञ गाडी तपासतो आणि मान्यता मिळते. हौस राहते आणि रस्त्यावरचे बाकीचे लोकही सुरक्षित राहतात.

आपल्याकडे २०१९ च्या दुरुस्तीने केंद्र सरकारला गाड्यांमधल्या बदलांसाठी निकष आणि मंजुरीच्या अटी ठरवण्याचा अधिकार दिलेला आहे. मग ठरवा ना. वीस मिलिमीटर, प्रमाणित स्प्रिंग, आरटीओत तपासणी, फी घ्या, नोंद करा. एमएच-४६ च्या पोरांना गल्लीतल्या गॅस कटरकडे ढकलण्यापेक्षा ते बरं. तोपर्यंत मात्र पोरांनो, कायदा आहे तो आहे. नाही म्हणजे नाही. माझी गाडी आज मूळ उंचीवर आहे, चार बोटं फट दिसते, मी डोळे झाकून दार उघडतो.

मागण्या साध्या आहेत, घोषणा नाहीत.

एक. कॉलनीतल्या प्रत्येक ब्रेकरची यादी करा: कुठे आहे, कधी घातला, कुणाच्या मंजुरीने, उंची किती, रुंदी किती. आणि प्रत्येकाला क्रमांक द्या, शेजारच्या खांबावर रंगवा. गाडीला नंबरप्लेट लागते तर ब्रेकरलाही लागू दे. तक्रार करताना "तो मेडिकलच्या पुढचा, डाव्या हाताचा" असं सांगावं लागू नये.

दोन. ज्याची मंजुरी सापडत नाही तो काढा. जिथे खरंच गरज आहे तिथे नियमाच्या मापाचा घाला, पट्टे मारा, फलक लावा.

तीन. नवीन ब्रेकरचं बिल मोजमापाच्या कागदाशिवाय निघू नये.

चार. आपल्यासाठी. पुढचा फोटो ग्रुपवर टाकाल तेव्हा गाडीबरोबर ब्रेकरचाही टाका, मोजपट्टी लावून.

ज्या कार्यालयात मी माझं मोजमाप लिहून अर्ज दिला तिथे पोच मिळाली. एका साहेबांनी विचारलं, "तुमची स्वतःची गाडी लोअर होती ना?" हो, होती. मी लपवत नाही. म्हणून माझी दोरी आखूड होते का?

येत्या रविवारी सकाळी सात वाजता मी खांदेश्वर मंदिरापासून सुरुवात करणार आहे. टेप, फळी, दोरी, वही. ज्यांना यायचंय त्यांनी या. लोअर गाडीवाल्या पोरांनी तर नक्की या, तुमच्याइतकं मिलिमीटरचं महत्त्व या कॉलनीत दुसऱ्या कुणाला कळत नाही. फोटोतला तो पांढऱ्या स्विफ्टवाला भाऊ हे वाचत असेल तर त्यानेही यावं. कुणी काही बोलणार नाही. चेंबर बदलून झाला असेल तर गाडी घेऊन ये, नसेल तर मी घ्यायला येतो.

बाबांना सांगितलंय. ते म्हणाले, "मीही येतो, फळी धरायला माणूस लागेल." आणि मग थोडं थांबून म्हणाले, "यंदा गणपती घरापर्यंत गाडीतून यायला पाहिजे."

पोस्ट पटली तर शेअर करा. नाही पटली तर मोजून दाखवा.